पलटणीतली पाजायची बंडी

शिंप्याच्या मशीनखाली कातरण साठतं. मुद्दाम कुणी साठवत नाही. सदऱ्याची बगल कापली, एक तुकडा पडला. चोळीचा गळा कापला, एक चांदकी पडली. फेकवत नाही म्हणून पोत्यात टाकायचं, आणि पोतं भरलं की उशीत. किस्स्यांचंही तसंच आहे बघा. एकेक तुकडा कुठल्या कपड्याचा ते विसरतो आपण, पण हात घातला की ऊब लागते.

मी दिल्ली छावणीत एका मराठी पलटणीचा शिंपी होतो. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तरी लहानथोर सगळे मला मास्तर म्हणायचे. गळ्यात टेप असला की माणूस मास्तर होतो! हे सगळं माझी नात लिहून घेते आहे. ती इथलीच, दिल्लीत वाढलेली. मधेच पेन थांबवते आणि विचारते, "आबा, ये शब्द का मतलब?" मग मी थांबतो. मला कुठं जायचंय?

तर त्या एका हिवाळ्यातली ही गोष्ट. बबन म्हणून आमच्याकडे एक शिपाई होता, साताऱ्याकडचा. फॅमिली क्वार्टरसाठी नंबर लावून तीन वर्षं बसला होता. नंबर लागला, बायको शालन आली, आणि ऐन थंडीत तिला मुलगी झाली. वजन दोन किलो आणि वर जरासं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "रात में भी हर दो घंटे पे दूध पिलाना. संक्रांत तक तीन किलो होना चाहिए."

बाळंतपणाला गावाहून बबनची आई आली होती, हौसाक्का. तिनं आपली पत्र्याची ट्रंक खाली ठेवतानाच सांगून टाकलं, "संक्रांतीला तीन किलो झालं न्हाई, तर ल्योक-सुनंचं मी काय बी ऐकायची न्हाई. मायलेकी माझ्यासंगं गावाकडं. ही काय माणसानं ऱ्हायची थंडी हाय?"

आणि बायको गावी गेली की क्वार्टर पुढच्या नंबराला! मग पुन्हा तीन वर्षं रांग. शालन हे जाणून होती. पण दर दोन तासांनी रजईतून उठून बसायचं, पदर बाजूला करायचा, आणि पाठीवरून वारं. माझ्या बायकोला, गोदाला, ती म्हणाली, "काकू, बाळ पोटाशी असतं तवर पुढून ऊब असते. पण पाठ माझी सिमल्याला जाऊन येते. हुडहुडी भरली की दूध येत नाही, आणि बाळ तोंड सोडून रडतं."

* * *

पहिला उपाय बबननं केला. आपला फौजी ओव्हरकोट बायकोला दिला. घोट्यापर्यंत लांब, वजनदार, वारा काय गोळीही अडवेल असा! शालन त्यात बसली, पुढून कोट उघडला, बाळाला जवळ घेतलं.

कोटाला पितळेची बटणं. रात्री दोनच्या थंडीत पितळ म्हणजे बर्फाचा खडाच. तो टेकला बाळाच्या गालाला.

एवढंसं दोन किलोचं बाळ, पण असं किंचाळलं की सगळ्या लाइनीतले दिवे लागले. लागोपाठ तीन रात्री हेच झालं. चौथ्या सकाळी शेजारचे सुभेदारसाहेब बबनला शांतपणे म्हणाले, "बबन, तुझा बिगुलवाला चांगला आहे रे. फक्त वेळ चुकतोय त्याचा!"

* * *

मग हौसाक्कानं मनावर घेतलं. कोट नको, लोकर पाहिजे. खुंटीवर बबनची सरकारी जर्सी होती. तिनं ती सुनेला घालून पाहिली. ऊब झाली, पण पाजायचं कुठून? हौसाक्कानं विळी घेतली आणि जर्सी गळ्यापासून पोटापर्यंत फाडली. काम फत्ते!

दोन दिवसांनी किट इन्स्पेक्शन. प्रत्येक जवानानं आपलं सामान खाटेवर मांडून उभं राहायचं. बबननं जर्सीची घडी घातली, चीर आत दाबली, आणि देवाचं नाव घेतलं. मेजरसाहेबांनी नेमकी तीच घडी छडीनं उचलली. जर्सी दोन बाजूंना उघडली.

"ये क्या है, जवान?"

सरकारी मालाला कात्री लावली तर शिक्षा होते. बबन ताठ उभा राहिला. खोटं त्याला कधीच जमलं नाही. टाच आपटून तो ओरडला, "साब! इधर से बच्चा पीता है, साब!"

ऐकलं सगळ्या बराकीनं. हसायची हिंमत कुणाला? मेजरसाहेबांनी चीर वरपासून खालपर्यंत पाहिली. "किसने काटा?"

"माँ ने, साब! विळी से, साब!"

साहेबांना विळी काय कळणार? पण घरी तेही बाप होते. म्हणाले, "ये काम माँ का नहीं, दर्जी का है. मास्तर के पास भेजो."

आणि माझ्याकडे चिठ्ठी आली. मला वाचता येत नाही, म्हणून ऑफिसातल्या क्लार्ककडे नेली. पोरगा नवा, बिनलग्नाचा. त्यानं वाचायला घेतलं, "रात्रीच्या वेळी... माता... बालकास..." आणि तिथं कानापर्यंत लाल झाला. चिठ्ठी घडी करून माझ्या खिशात घातली आणि म्हणाला, "मास्तर, पुढचं तुम्ही काकूंना विचारा ना!"

* * *

बायाबापड्यांचं माप मी कधी घेतलं नाही. ते काम गोदाचं. तिला आकडे येत नसत, म्हणून ती सुतळी घेऊन जायची. खांद्याला एक गाठ, बाहीला एक गाठ, कमरेला एक. सुतळी मला आणून द्यायची आणि मी गाठींवरून कापायचो. एक कपडा चुकला नाही त्यात.

शालनची सुतळी आली ती भलतीच लांब! छातीची गाठ बघतो, तर पोरगी पाप्याचं पितर आणि माप सुभेदाराचं.

म्हटलं, "गोदा, चुकलीस तू. ही पोर एवढी कुठं आहे?"

गोदा म्हणाली, "बाळ मांडीवर घेऊन बसवलं तिला, मग माप घेतलं. एकटीचं माप घेऊन काय करता, अहो? ती एकटी कुठं आहे आता?"

चाळीस वर्षं मी कपडे शिवले. पण अशी अक्कल मला कुणी शिकवली नाही.

* * *

करोल बागेतून फ्लॅनेल आणलं, जुनंच, पण मऊ. रजया भरणारा धुनिया दारावरून जायचा, त्याच्याकडून कापूस पिंजून घेतला. थंडी फार म्हणून मी कापूसही फार घातला. पाठीला, पुढं, बाह्यांना, सगळीकडे. दोन दिवस खपून बंडी शिवली आणि गोदाबरोबर पाठवून दिली.

संध्याकाळी शालन स्वतः आली. बंडी अंगात होती. दोन्ही हात दोन्ही बाजूंना, बुजगावण्यासारखे आडवे! कोपर वाकेना. दारातून आत यायला तिला तिरपं व्हावं लागलं.

"मास्तर," पोर रडू की हसू अशा तोंडानं म्हणाली, "ऊब लई हाय. पर बाळ माझ्यापातूर पोचंना!"

मागून बबन म्हणाला, "मास्तर, तुम्ही रजईला बाह्या लावल्या आहेत."

* * *

त्याच आठवड्यात घरात दुसरंच पेटलं. हौसाक्कानं सुनेला ऊब मिळावी म्हणून कोळशाची शेगडी खोलीत आणून दार लावून घेतलं. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, हे दिल्लीत सगळ्यांना ठाऊक. हौसाक्काला कुठून ठाऊक असणार? तिच्या गावच्या घराला कौलं. धूर आपला आपण निघून जातो. शालनचं डोकं गरगरलं, तशी ती उठली आणि शेगडी फरफटत बाहेर नेऊन पाणी ओतलं. दार सताड उघडलं.

"माझी शेगडी इझवली!" हौसाक्का म्हणाली. "मी काय जीव घ्याया आले व्हय तुझा?"

"तसं कुठं म्हटलं मी, आत्याबाई?"

"म्हनाया कशाला पायजे!"

झालं. अबोला. इथं नातीनं पेन थांबवलं, "अबोला मतलब?" म्हटलं, एकाच घरात राहायचं, एकाच ताटातलं जेवायचं, पण एकमेकांशी बोलायचं नाही. ती म्हणाली, "अच्छा, ब्लॉक करणं!" असेल तसंच.

पण घर एका खोलीचं. निरोप तर द्यावेच लागतात. मग बाळाच्या तोंडून बोलणं सुरू झालं. "बाळा, तुझ्या आईला सांग, आळिवाची खीर झाकून ठेवलीया." "बाळा, तुझ्या आजीला सांग, खाल्ली." बबनला त्या महिन्यात रात्रीची गार्ड ड्यूटी होती, तो सकाळी घरी यायचा तर हेच चालू. मला म्हणाला, "मास्तर, महिन्याचं पोर नाही माझं, आणि दोन्ही बाजूंचा वायरलेस तेच सांभाळतंय!"

* * *

अबोला सुनेशी होता, माझ्याशी नव्हता. एका दुपारी हौसाक्का बाळाला घेऊन दुकानात आली. बाळाच्या अंगात तिनं हातानं शिवलेलं अंगडं होतं. तुम्ही पाहिलं असेल: पुढची एक बाजू दुसरीवर घ्यायची आणि नाडीनं कडेला बांधायचं. बटण नाही, हूक नाही, काही टोचायला नाही.

तिनं बाळ माझ्यासमोर ठेवलं. "मास्तर, हिला थंडी वाजतीया का?"

"नाही, आक्का."

"हिचं अंगडं सोडाया दिवा लागतुया का?"

"नाही, आक्का."

"मग इतके दिस काय शिवत बसलाय?" असं म्हणून बाळ उचललं आणि चालती झाली.

मी रात्रीत जुनी बंडी उसवली. निम्मा कापूस काढला. बाह्या पातळ केल्या, पाठ जाड ठेवली, आणि पुढून आईला बाळाचाच काप दिला. नाड्या मात्र दोन्ही बाजूंना लावल्या, म्हणजे डावी बाजू उघडता येईल, नाहीतर उजवी. उघडायची तेवढीच, बाकी अंग झाकलेलं.

आठ दिवसांनी शालन पडद्याआडून गोदाला सांगत होती, ते मला ऐकू आलं. "काकू, झोपेत मला आठवायचंच नाही, मागच्या वेळी कुठल्या बाजूला पाजलं. आता पाजून झालं की पुढची पाळी ज्या बाजूची, त्या बाजूला गाठ मारते. अंधारात हात लावला की कळतं. दिवसा पलटणीत चालतं, ते रात्री आमच्या घरात चालतं बघा. लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट!"

* * *

पुढून सगळं जमलं, पण पाठीची हुडहुडी काही पुरती जाईना. बंडी वारा अडवायची. पण गारठलेल्या अंगात ऊब कुठून आणणार? मग हौसाक्कानं बबनची फौजी पाण्याची बाटली काढली, जिला जाड बनातीचं कव्हर असतं ती. तिच्यात कढत पाणी भरून सुनेच्या पाठीशी ठेवायची. अर्थात बाळाला सांगून! "बाळा, तुझ्या आईला म्हनावं टेक हितं."

आता पाणी उकळतोच आहोत तर वाया का घालवा? म्हणून त्यात तिनं बाळंतशेपा आणि ओवा टाकला. रात्री पाठीला शेक, सकाळी पोटात काढा. एका बाटलीत दोन कामं.

एके दिवशी पलटणीचा लांबचा रूट मार्च. बबन गार्डवरून आला, घाईत बाटली कमरेला लावली आणि गेला. बारा मैलांवर हवालदारसाहेबांचं पाणी संपलं. मोठा मिशाळ माणूस. "ला रे, तेरी बोतल दे." तोंडाला लावली आणि अर्धी एका दमात संपवली. मग थांबले.

"अबे, ये क्या है? दवा है?"

बबनला खोटं जमत नाही हे मी सांगितलंच आहे. "साब, घरवाली का है. दूध उतरने के लिए."

हवालदारसाहेब उरलेले मैल काही बोलले नाहीत. पण पलटण बोलली! महिनाभर चहाच्या वेळी कुणीतरी गुपचूप म्हणायचंच, "दूध कम पड़ गया? हवालदारसाब हैं ना!"

हुकूम सुटला: सरकारी बाटली रात्री बराकीतल्या खुंटीवरच राहील. झालं, पाठीचा शेक बंद. आणि संक्रांतीला दिवस राहिले वीस-एक.

* * *

दुसऱ्याच दिवशी हौसाक्का दुकानात. "मास्तर, मला बी एक बंडी शिवा."

"शिवतो की, आक्का. तुमच्या पाठीला चांगला जाड कापूस घालतो."

"पाठीला कापूस घालायचा न्हाई."

मला वाटलं म्हातारी गोंधळली. म्हटलं, "आक्का, थंडी पाठीलाच तर वाजते. पुढं कमी चालेल, पण पाठीला..."

"शिंपी कोन? तुम्ही. पाठ कुनाची? माझी! पाठीला नुसतं एकपदरी कापड. आनि उद्या पायजे."

शिवली. गोदा दिवसभर हसत होती, "म्हातारपणी कसली फॅशन ही!" मीही गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही. ज्याला जसं हवं तसं द्यावं.

मधे एकदा मी गोदाला विचारलं, शालनच्या पाठीचं काय झालं? बाटली तर गेली. गोदा म्हणाली, "मी पण विचारलं. म्हणते, आता गरम असते."

"ती कशी?"

"हसली नुसती."

* * *

संक्रांतीचा दिवस आला. हौसाक्काची ट्रंक आदल्या रात्रीच भरून, कुलूप घालून दाराशी उभी होती, असं बबननं सांगितलं. गोदा त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली, म्हणून पुढचं तिच्या तोंडचं.

डॉक्टरीणबाईंनी बाळ गुंडाळलेलं तसंच काट्यात ठेवलं. काटा झोकात गेला. बाई चष्म्यावरून बघायला लागल्या. "इतना? कपड़े उतारो."

दुपटं काढलं. त्याखाली आणखी एक दुपटं. कुंची काढली. पायातले वाळे काढले, हातातल्या बिंदल्या काढल्या. खालच्या दुपट्याची घडी सोडली, तर आतून काहीतरी टणकन् लादीवर पडलं.

लोखंडी कुलूप! वीतभर नसेल, पण चांगलं दणकट. ट्रंकेचं.

"ये क्या है, अम्मा?"

हौसाक्काची मान जराही खाली गेली नाही. "नजर लागू नये म्हनून लोखंड ठेवत्यात, बाईसाहेब."

डॉक्टरीणबाईंनी कुलूप बाजूला ठेवलं आणि उघडं बाळ काट्यात घातलं. बाळानं सूर लावला. गोदा म्हणते, त्या वेळी शालननं डोळे मिटले होते आणि हौसाक्काचे ओठ हलत होते. काटा डुलला, डुलला आणि थांबला. तीन किलोवर, आणि त्याच्या पुढं एका तिळाच्या लाडवाइतका!

"शाबाश," बाई म्हणाल्या. "ऐसे ही पिलाती रहो."

शालननं बाळाला बंडीत घेतलं. निघताना दारातून मागं वळली, आणि महिनाभरात पहिल्यांदा सासूच्या तोंडाकडे बघून बोलली. "आत्याबाई, कुलूप राहिलं आत."

"ऱ्हाऊ दे," हौसाक्का म्हणाली. "आता कुठं लावायचंय ते?"

* * *

थंडी ओसरली तशी गोदा दोन्ही बंड्या डागडुजीला घेऊन आली. शिंप्याला कपडा बघून माणूस कळतो. क्लार्कचा सदरा कोपराला झिजतो, ड्रायव्हरची पँट बैठकीला, आचाऱ्याचा पोटावर. म्हटलं, पाजणारीची बंडी पुढून झिजली असणार, नाड्यांपाशी.

पुढून दोन्ही नव्यासारख्या. मग उलटल्या. शालनच्या बंडीचं कापड पाठीवर विरलं होतं, दोन खांद्यांच्या मधे, हातभर. हौसाक्काची ती एकपदरी पाठ, तीही विरलेली. तिथंच, तेवढीच. मी एक बंडी दुसरीवर पाठीला पाठ लावून ठेवली. ठिगळाचं माप घ्यायला टेप एकदाच लावला.

तेवढ्यात हौसाक्का बाळाला घेऊन दारात उभी. मी बंड्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आक्का," म्हटलं, "ह्या अशा कशा झिजल्या?"

तिनं बाळाची कुंची सारखी केली. रस्त्यावर कुणी येतंय का बघितलं.

"अबोला व्हता न्हवं आमचा?" ती म्हणाली. "मग तिला काय तोंड दावत बसू? रोज रात्री पाठ करूनच बसत हुते!"